टाइमकीपर

पट्टा रात्रीत मेला.
सकाळी चार्जरवरून उठला तो
मेला तिथूनच पुढं चालू लागला,
जणू मधली रात्र झालीच नव्हती.
रंकाळ्याच्या कठड्यावर ऊन आलं,
दूधवाल्यांच्या किटल्या रिकाम्या होऊन परतल्या,
आणि माझ्या मनगटावर रात्रीचे नऊ चाळीस.

तेही चाललं असतं. रिटायर माणसाला घाई कसली.
पण आज चाललेली पावलं
तो कालच्या तारखेला टाकत होता.
हे मला बघवेना.
एकतीस वर्षं उद्यमनगरात, फाउंड्रीच्या गेटावर
मी टाइमकीपर होतो.
कालच्या रकान्यात आजची हजेरी
मी सख्ख्या मेव्हण्याचीही मांडली नाही.

चावी शोधली. बटण शोधलं.
काच दाबली तर नाडीचे ठोके, त्र्याण्णव.
सरकवली तर हवामान, तेही पुण्याचं,
सून तिथं असते, पट्टा तिनंच दिलेला.
हाताला बांधलेलं घड्याळ
आणि हात घालायला जागा नाही.
पापाच्या तिकटीजवळ बागवानांकडे नेलं.
त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, उलटा केला, सुलटा केला,
म्हणाले, काटाच न्हाई वो ह्याला,
किर्र कशाचा करू?

राजारामपुरी, आठवी गल्ली. मगदूम मोबाईल.
काउंटरवर सुवर्णा नावाची पोरगी.
"हे हातानं लागत नाही काका. फोनवरून घेतंय."
आणि फोन कुठून घेतो?
तिनं बोट वर केलं. वर पंखा होता.
म्हटलं, थोडं पुढं ठेवता येईल?
चारेक मिनिटं. सवय आहे.
"नाही की. जे असंल तेच."

जे असेल तेच.
आमच्या गेटावरचं घड्याळ चार मिनिटं पुढं असायचं.
मालकांचा शब्द होता, लेखी काही नव्हतं.
दर सोमवारी रेडिओच्या टोल्यावर मी ते लावायचो,
आधी बरोबर,
मग स्टुलावरून उतरायच्या आत चार मिनिटं पुढं.
भोंगा त्याच्यावर. सवलत पाच मिनिटांची.
सहाव्या मिनिटाला लाल शाई, पाव दिवस कट.
वडणग्याहून सायकल मारत यायचा एक मोल्डर.
हंगामात पुलावर उसाच्या गाड्या आडव्या.
आठ सात. पुन्हा आठ सात.
म्हणजे आठ तीन,
पण ते मला माहीत होतं, रजिस्टरला नव्हतं.
केरबा मगदूम.

पाटी मी आत येतानाच वाचली होती.
पण मगदूम काय, कोल्हापुरात गल्लीला चार.

मागं, कव्हरांच्या माळांखाली तो बसलेला.
डोळ्यावर मोतीबिंदूची हिरवी पट्टी, कान माझ्याकडे.
"सायेब, किती वाजलं?"

पट्टा तेवढ्यात थरथरून बरोबर झाला होता.
सहा बावीस, मी म्हणालो.

"गेटाचं, का खरं?"

हसला. दात कमी झालेत त्याचे.
रागाचं हसू म्हणावं तर पोरीला सांगत होता,
च्या सांग दोन,
सायबास्नी बिनसाखरंचा.
एवढं लक्षात.
आठवड्याला दोनदा, हंगामाचे सोळा आठवडे, बावीस वर्षं.
मी मनात बेरीज धरली, जुनी खोड.
सातशे चार पाव.
एकशे शहात्तर दिवस.
तोंडातून मात्र बाहेर पडलं,
यंदा गाळप लवकर सुरू झालं म्हणतात.
व्हय, तो म्हणाला.

पैसे काढले तर सुवर्णा म्हणाली,
"राहू दे की. पाच मिनिटांचं काम."

चहा आला. कप उचलला,
पट्ट्यानं एक पाऊल मोजलं.
बशीत ओतून बशी उचलली, दुसरं.
बसल्या जागी दोन पावलं,
आजच्या तारखेला.
खोटी. खोडावीत म्हटलं तर
खोडायलाही जागा नाही त्यात.
केरबा चहा फुंकत होता, बराच वेळ.